सैनिकांपुढची बतावणी : बॉब होपची पद्धत

तमाशातला सोंगाड्या गावात उतरला की आधी चौकशी करतो, सध्या गावात बोंब कशाची चाललीय? सोलापुरात नुसतं ‘पाणी कवा आलं वो?’ म्हटलं तरी हशा पिकतो. तोच विनोद दुसऱ्या गावात जाऊन पडतो.

अमेरिकेचा विनोदवीर बॉब होप (१९०३-२००३) यानं नेमक्या याच चौकशीवर पन्नास वर्षं काढली. ६ मे १९४१ ला कॅलिफोर्नियातल्या मार्च फील्ड तळावर सैनिकांसाठी पहिला कार्यक्रम, आणि मग आखाती युद्धापर्यंत दौऱ्यांमागून दौरे.

तळावर पोचण्याआधी त्याचे लेखक माहिती काढत : साहेब कोण, जेवणात काय, डास आहेत की चिखल. सुरुवात त्यावरूनच. साहेबाची टिंगल आधी घ्यायची, कारण जवानाला तोंड उघडता येत नाही. त्याच्या वतीनं कुणीतरी बोललं की मैदान आपलं.

१९४३ च्या दौऱ्यात माणसं मोजून चार : होप, गायिका फ्रान्सिस लँगफर्ड, गिटारवाला टोनी रोमानो आणि जॅक पेपर. गिटार खांद्याला अडकवून जीपमध्ये चढता येतं, पियानोचं तसं नाही. लेस ब्राउनचा वाद्यवृंद, कॅमेरे, सगळा लवाजमा नंतरचा.

दर तळाला मजकूर बदलणार, मग पाठांतर कसं जमायचं? त्यासाठी मोठे पुठ्ठे. ते लिहायचं आणि धरायचं काम बार्नी मॅकनल्टीकडे. १९६४ च्या २४ डिसेंबरला व्हिएतनाममधल्या सायगावात ब्रिंक्स हॉटेलात स्फोट झाला. मंडळींचा मुक्काम जवळच होता, पण हे पुठ्ठे उतरवण्यात वेळ गेला म्हणून ती उशिरा पोचली आणि वाचली.

आपल्याकडे कुणी पुठ्ठे वापरणार असेल तर : पंधरा फुटांवरून वाचायला अक्षर किमान दोन इंची हवं. एका पुठ्ठ्यावर एकच विनोद; हशाचा शब्द पुढच्या पुठ्ठ्यावर गेला की विनोद मेला. पुठ्ठा पायाशी नको, नजर खाली जाते आणि पुढच्या रांगेला लगेच कळतं. उघड्या मैदानात वाऱ्यानं तो वळतो, तेव्हा धरणारा दणकट पाहिजे. सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात हशा छताला लागून परत येतो, मैदानात तो विरून जातो. मागच्या रांगा उशिरा हसतात. त्यांचं हसू संपायच्या आत पुढचं वाक्य टाकलं तर तेही वाया जातं, आधीचंही. नवखे इथंच फसतात.

होपही फसला, पण वेगळ्या जागी. १९६९ च्या नाताळात व्हिएतनामच्या लाय खे तळावर त्यानं सांगितलं, शांततेची योजना आहे असं राष्ट्राध्यक्ष निक्सननी आपल्याला सांगितलंय. जवानांनी हुर्यो उडवली. साहेबाची टिंगल करणारा माणूस त्या दिवशी साहेबाचा निरोप घेऊन उभा होता. तरी १९७२ पर्यंत दर नाताळला तो तिकडे जातच राहिला.