परक्या शहरात एएची मीटिंग शोधताना

दारू सोडायची म्हटलं की घरून फोनवर सल्ला येतो, "मन घट्ट कर." फोन ठेवला की घरात आपण उरतो आणि अख्खी संध्याकाळ उरते. परदेशात एकटीनं पिणं फार सोपं असतं. वास ओळखायला, रागवायला, बाटली लपवायला कुणी नसतंच. त्या रिकाम्या तासांना घट्ट मन पुरत नाही. माझ्या कामी आलं ते मीटिंगांचं वेळापत्रक.

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला चालवलेल्या संघटनेची. बोलताना सगळे एए म्हणतात. शोधणं अवघड नाही. पुष्कळ देशांत एएची स्वतःची वेबसाइट आहे, शहराचं नाव टाकलं की वार, वेळ, पत्ता येतो. अमेरिका-कॅनडात 'मीटिंग गाइड' नावाचं फुकट ॲप आहे, निळ्या चौकोनात पांढरी खुर्ची. नावापुढची खूण मात्र नीट वाचायची. 'ओपन' असेल तर कुणीही जाऊ शकतं, सोबत नवरा किंवा मैत्रीण आली तरी चालते. 'क्लोज्ड' फक्त ज्यांना स्वतःचं पिणं थांबवायचंय त्यांच्यासाठी. फक्त बायकांच्या मीटिंगाही असतात. मी ओपन निवडली, म्हणजे कुणी विचारलंच तर 'सहज बघायला आलेय' म्हणता आलं असतं. कुणी विचारलं नाही ते सोडा.

खरी धास्ती वेगळीच होती. आपल्यातलं कुणी तिथं भेटलं तर? ऑफिसात कळलं, व्हिसाच्या कागदांत कुठं आलं तर? इथं एएची रचना समजून घेतलेली बरी. हजेरीपट आणि फी नसते, आडनाव कुणी विचारत नाही. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. मध्येच एक टोपली फिरते, तिच्यात सभासद स्वखुशीनं पैसे टाकतात आणि त्यातून खोलीचं भाडं निघतं. बाहेरच्यांच्या देणग्या एए घेत नाही. नव्या माणसानं काही टाकायची गरज नसते. आणि ओळखीचं कुणी दिसलंच, तर तेही बहुधा आपल्यासारखंच दारूला वैतागून आलेलं असतं.

आमची खोली चर्चच्या तळघरात. घडीच्या खुर्च्या गोलात, कोपऱ्यात कॉफीचा मोठा थर्मास, भिंतीवर बारा पायऱ्यांचा, म्हणजे दारूतून सुटायच्या एएच्या टप्प्यांचा तक्ता. एकेक जण नाव सांगून बोलतो आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत कुणी मध्ये तोंड घालत नाही. सल्ला नाही, 'अगं पण' नाही. आपली पाळी आली आणि बोलावंसं वाटलं नाही तर 'पास' म्हणायचं. मी बरेच दिवस पासच म्हणत होते. शेवटी एका बाईनं माहितीपत्रकाच्या मागे आपला फोन नंबर लिहून दिला. "प्यायच्या आधी कर, नंतर नको," एवढंच म्हणाली. इतरांनी सांगितलेलं मात्र इथं लिहिणार नाही. तिथलं तिथंच राहतं, आणि या लेखाखाली माझं नाव नाही तेही त्याच कारणानं.

एएची सुरुवातसुद्धा परगावातच झाली. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या ॲक्रनला गेला होता. काम फिसकटलं. दारू सोडून काही महिनेच झालेले, हॉटेलात एकटा, आणि बारमधली गजबज कानावर येतेय. पिण्याऐवजी त्यानं लॉबीतल्या यादीवरून चर्चना फोन लावले, बोलायला दुसरा एखादा दारुडा हवा म्हणून. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. बॉबनं 10 जूनला शेवटचा घोट घेतला आणि ती एएची स्थापनेची तारीख ठरली. परक्या गावात फोन फिरवताना मला हा किस्सा फार उपयोगी पडलाय.

प्रत्येक गट जमेलच असं नाही. एका गटात एकच गृहस्थ तासभर प्रवचन झोडत असत, मी तिथं जाणं बंद केलं. निरनिराळ्या वारांच्या चार मीटिंगा बघाव्यात, मग ठरवावं. देवाचा उल्लेख खटकणारे बरेच असतात. एए कुठल्याही धर्माशी बांधलेलं नाही आणि 'आपल्याला उमगेल तसा देव' अशी सूट पायऱ्यांतच आहे. तरीही नको वाटलं तर 1994 पासून चालू असलेलं स्मार्ट रिकव्हरी आहे, तिथं विचार-वर्तनाच्या तंत्रांवर भर असतो. हे सगळं भाबडं वाटणाऱ्यांसाठी: वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास तपासले होते. दारू पूर्ण बंद ठेवण्यात एए आणि त्याच्याशी जोडणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले.

एक मात्र मीटिंगच्याही आधी. रोज भरपूर पिणाऱ्यानं आपल्या मनानं एकदम बंद करू नये. थरथर, घाम यावर भागतंच असं नाही. काहींना फिट येते, भ्रम होतो, जिवावरही बेतू शकतं. डॉक्टरांना प्रमाण खरं सांगायचं. औषधोपचार हे एएचं काम नाही आणि एए तसा दावाही करत नाही.

तुमचं कुणी बाहेरदेशी पीत असेल आणि तुम्ही घरी बसून झुरत असाल, तर नातेवाइकांसाठी अल-ॲनॉन आहे. 1951 मध्ये ते सुरू करणाऱ्यांत बिलची बायको लॉइसही होती. ऑनलाइन मीटिंगाही होतात. तिथं जायला पिणाऱ्यानं दारू सोडलेली असावी लागत नाही. आपण पितो हे तो कबूल करत नसला तरी तुम्ही जाऊ शकता.