जुन्या सायकलला रंग देण्याआधी

गोठ्याच्या आढ्याला टांगलेली जुनी रॅले किंवा हर्क्युलस खाली उतरवली, की घरातले सगळे आधी रंगाचं बोलतात. कृपा करून रंगाला हात लावू नका. मूळ काळा इनॅमल, त्यावरच्या सोनेरी रेघा आणि छाप एकदा घासून गेले की परत येत नाहीत. गंज तर थांबवता येतो.

आधी ओळख पटवा. हेडवरच्या (हँडलखालच्या उभ्या नळीवरच्या) पितळी बिल्ल्यावर नॉटिंगहॅम लिहिलंय की आसनसोल, ते बघा. आसनसोलची सेन-रॅले ही भारतातली घडण. मागच्या चाकाच्या मध्यभागी स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब असेल, तर त्याच्या कवचावर महिना आणि वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. चाकं बदललेलीही असू शकतात, म्हणून त्यावरून सायकलचा फक्त अंदाज बांधा.

खोलताना सगळ्यात जास्त नुकसान कॉटर पिनला होतं, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) धुरीला पक्का धरणाऱ्या पाचरीला. नट पूर्ण काढून पिनेच्या टोकावर हातोडी मारली की आटे चेपतात, पिन वाकते आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नसतं. दोन दिवस आधी पिनेवर डिझेल सोडून ठेवा. नट ढिला करून पिनेच्या टोकाशी बरोबर आणा. क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा ठेवा, पिनेचं डोकं पाइपच्या पोकळीत यायला हवं. मग किलोभर वजनाच्या हातोडीचा एकच सरळ, जोरदार घाव. पाइपचा टेका नसेल, तर तोच घाव बी.बी.च्या (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे क्रँकची धुरी फिरते तो सांधा) छर्ऱ्यांवर जातो आणि ते ज्यात बसतात त्या वाटीत खळगे पडतात. बारीक बारीक ठोके मारत बसलात, तर पिनेचं टोक फुलतं, बाकी काही होत नाही.

चेनकडची बी.बी. वाटी उलट्या आट्यांची असते, सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवावी लागते. चांगली असेल तर काढूच नका, जागेवरच पुसा. रॅलेचे आटे इंचाला २६, इतर बहुतेक इंग्लिश सायकलींचे २४. बाजारातली वाटी बळेच बसवली, तर फ्रेमच जाते.

छर्रे मोजून काढा, पण त्या मोजणीवर विसंबू नका, आधीच्या कारागिराने एखादा कमी टाकलेला असतो. साधारण हिशेब असा: पुढचा हब ३/१६ इंची, एका बाजूला १०, मागचा १/४ इंची, बाजूला ९, बी.बी. १/४ इंची, बाजूला ११. नवे छर्रे एकाच पुडीतले घ्या. मापात किंचित फरक असला, तरी सगळा भार मोठ्या छर्ऱ्यांवर येतो.

आपल्या काळ्या मातीचा खरा मार मडगार्डखाली आणि बी.बी.च्या मागच्या आडव्या पट्टीवर बसतो. पावसाळ्यात चिकटलेला चिखल तिथे ओल धरून राहतो. हलक्या हातोडीने टिचकवून बघा, खणखणीत ऐवजी बद्द आवाज आला, तर आतून पत्रा खाल्लाय.

सुट्या गंजक्या भागांना लिंबूसत, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम. काही तासांत काढून सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. वाट्या, कोन (छर्रे ज्यांवर फिरतात ते निमुळते नट) आणि छाप असलेले भाग यात बुडवायचे नाहीत.

रंगासाठी आपल्याकडे जवस आहे! घाण्यावरच्या जवसाच्या तेलाचा पातळ हात धुऊन कोरड्या केलेल्या फ्रेमवर फिरवा आणि १५-२० मिनिटांनी जास्तीचं तेल पुसून घ्या, नाहीतर ते चिकट राहून धूळ धरतं. हे तेल हळूहळू सुकून पापुद्रा धरतं, मेच्या उन्हात लवकर. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून टाकू नका. सुकताना त्या तापतात आणि आपोआप पेटू शकतात. शेजारी कडबा किंवा कापूस असेल तर विचार करा. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

२८ × १½ चे टायर अजून तालुक्याला मिळतात, रिम बदलायची गरज पडत नाही. गोखरूच्या काट्यांसाठी चाकात ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटाने चाचपा, एक काटा राहिला तरी नवी ट्यूब त्याच दिवशी पंक्चर होते.

नवी कॉटर पिन इंग्लिश घडणीला बहुधा ९.५ मि.मी.ची लागते. सपाट बाजू कानशीने थोडी थोडी घासा, दोन्ही क्रँक एका रेषेत येईपर्यंत. २०-२५ किलोमीटर चालवून नट पुन्हा कसा. पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा टक् लागत असेल, तर पिन अजून बसलेली नाही.