सिरसिल्ल्याची लाईट आणि आमची वार्षिक सभा

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात निम्म्या घरांचे पाहुणे तेलंगणात, त्यामुळं सिरसिल्ला म्हणलं की लग्न, बारसं आणि यंत्रमाग एवढंच डोक्यात येतं. पण मला त्या गावाचं कौतुक वाटतं ते तिथल्या लाईटचं. तिथं 1970 पासून वीज देते ती गिऱ्हाइकांचीच सहकारी संस्था, म्हणजे बिल भरणारे तेच सभासद आणि संचालक निवडून देणारेही तेच. आपल्या शेजारी बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीतही अशीच संस्था आहे.

असल्या सहकारी संस्थांची तत्त्वं सात, जगभर तीच, 1995 साली मँचेस्टरला आत्ताच्या रूपात पक्की केलेली. मूळ मात्र 1844 चं, इंग्लंडातल्या रॉचडेल गावचं. तिथल्या कामगारांनी, त्यातले बरेचसे मागावरचेच बरं का, पैसे गोळा करून लोणी, साखर, पीठ विकायचं स्वतःचं दुकान काढलं. कुणालाही सभासद होता यावं, दुसऱ्या सहकारी संस्थांना हात द्यावा, गावाचं बघावं, ही तत्त्वं वाचताच पटतात, त्यावर भांडण नाही.

भांडण होतं ते दुसऱ्या तत्त्वावर, म्हणजे एका सभासदाला एकच मत. पन्नास मागवाल्याला एक मत आणि घरात दोन बल्ब असणाऱ्यालाही एकच. शेजारचे मामा टॉवेलवाले, त्यांना हे सांगितलं तर लगेच म्हणाले, "बिल मी हजारोंनी भरायचं आन मत त्याच्याएवढंच व्हय?" पण त्याचं उत्तर तिसऱ्या तत्त्वात आहे की. वर्षाअखेर जो वाढावा, म्हणजे खर्च जाऊन शिल्लक, उरतो तो शेअर्सवर नाही, ज्यानं जेवढी वीज वापरली त्या हिशोबात वाटता येतो. अमेरिकेत खेड्यात तारा ओढायला कंपन्या तयार नव्हत्या म्हणून 1935 नंतर सरकारी कर्ज घेऊन शेतकऱ्यांनी अशा संस्था काढल्या, तिथं हा वाढावा सभासदाच्या नावावर जमा करतात, काही वर्षं खांब-तारांना वापरतात आणि मग परत देतात. म्हणजे मामांना पैसे जास्त, मत तेवढंच. मला तरी हे लई बरोबर वाटतं.

सगळं गोडच असतं असंही नाही ओ. श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा वीज संस्था आठवा, आपल्याच महाराष्ट्रातली, गाजलेली. खांब संस्थेचे, तारा संस्थेच्या, पण वीज घ्यायची सरकारी वीज मंडळाकडून, त्यात शेतीपंपांचा मोठा बोजा, थकबाकीचा वाद वाढत गेला आणि 2011 ला लायसन्स गेलं, कारभार महावितरणकडं. स्वायत्तता हे चौथं तत्त्व कागदावर लिहिणं सोपं, पण घाऊक वीज दुसऱ्याची असली की तुमची स्वायत्तता त्याच्या बिलाएवढीच राहते.

मला विचाराल तर पाचवं तत्त्व, सभासदाला शिकवणं आणि माहिती देणं, हे पहिलं पाहिजे. वीजगळती किती, थकबाकी कुणाकडं, वाढावा कुठं गेला, एवढं विचारणारे चार लोक सभेत पाहिजेत. आमच्या हौसिंग सोसायटीचंच बघा, नोटीस चौदा दिवस आधी पाहिजे, ती येते कशीबशी, आणि अहवाल हातात पडतो सभेच्या दारात चिवड्याच्या पाकिटासोबत. मागील इतिवृत्त कायम, मंजूर, हिशोब मंजूर, मंजूर, अर्ध्या तासात खुर्च्या उचलायला सुरुवात. ह्या वर्षी मी लेखी अर्ज दिलाय की अहवाल आधी घरपोच द्या. सेक्रेटरी म्हणाले, झेरॉक्सचा खर्च कोण देणार?