आमची वाटचाल : यात्रा उठते तेव्हा

दिवाळीला वहीपूजन आम्हीही करतो, पण आमच्या धंद्याचा खरा हिशेब लागतो तो सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावची यात्रा उठताना. रथ होऊन गेलेला असतो, पाळणेवाले सांगाडे सोडवत असतात, जनावरांच्या बाजारात शेणाच्या राशी आणि उरलेला कडबा. आम्ही पाल उतरवायच्या आधी गोण्या उघडून बसतो. काय विकलं हे गल्ला सांगतोच. काय उरलं ते मात्र हातानं मोजावं लागतं, आणि पुढच्या वर्षी काय बनवायचं हे त्या उरलेल्या मालावरून ठरतं. ही सवय आण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची. आम्ही ती सोडली नाही.

आमचं दुकान बैलांच्या साजाचं. नाकातल्या वेसणी, तोंडावरच्या म्होरक्या, हाकायचे कासरे, बांधायची दावी, गळ्यातले कंडे, घुंगरमाळा, शिंगांच्या शेंब्या, पाठीवरच्या झुली. आजोबा अंबाडीचे आणि घायपाताचे दोर वळून खांद्यावर टाकून बाजार करायचे. आण्णांनी त्यात पितळेच्या घाट्या, म्हणजे गळ्यातल्या घंटा, आणि घुंगरं आणली, बाजाराला पाल ठोकायला सुरुवात केली. झुली आमच्या पिढीत आल्या.

फेरा मात्र आजोबांचाच राहिला. कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीचा बाजार, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडचा रथ, वद्य पक्षात पुसेगाव, पौषात खरसुंडी. हा सगळा माणदेशाच्या आसपासचा खिल्लार बैलांचा मुलूख. त्यानंतर बेंदूर आणि पोळ्याची विक्री घरच्या दुकानातून होते. आपल्याकडे सातारा-सांगलीला आषाढात बेंदूर, सीमाभागात त्याच्या आधी कर्नाटकी बेंदूर आणि बाकी महाराष्ट्रात श्रावणी अमावास्येला पोळा, म्हणून एकच माल तीनदा खपतो. पंचांग करणाऱ्यांचे आमच्यावर उपकारच आहेत.

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या रथाला नोटांच्या माळा चढतात, ते बघायला लोटलेली गर्दी आमच्या कामाची नाही. ती गर्दी भेळ खाते, पाळण्यात बसते, पोरांना पिपाण्या घेते. आमचं गिऱ्हाईक बाजारातून येतं. दलालानं रुमालाखाली बोटं दाबून सौदा जुळवला, दात बघून बैलाचं वय, आदत की चौसा, ते ठरलं, पैसे मोजून झाले, की घेणारा आमच्या पालाकडे वळतो. कारण आमच्या भागात बरेच जण बैल विकताना दावं देत नाहीत, दाव्याबरोबर गोठ्यातली लक्ष्मी जाते म्हणतात. कुणी कितीही हसो, या समजुतीवर आमच्या तीन पिढ्या जेवल्या. एक सौदा म्हणजे एक दावं आणि एक म्होरकी हे ठरलेलंच. वेसण घेताना जाणता माणूस आधी ती स्वतःच्या गालावरून ओढून बघतो. गालाला टोचली की ठेवून देतो, बोलत नाही. मग आम्हीही पुढं बोलत नाही, दुसरी काढतो.

गोणीत उरलेल्या मालानं आम्हाला काय काय सांगितलं ते लिहायचं तर नायलॉनपासून सुरुवात करावी लागेल. एका यात्रेत अंबाडीचे दोर जसे नेले तसेच परत आले. शेजारच्या पालावर रंगीत नायलॉन होतं, स्वस्त, पावसात न कुजणारं. आण्णांनी पुढच्या हंगामाला नायलॉन भरलं. पुढं वेसणीही नायलॉनच्या आल्या आणि बैलांच्या नाकाला जखमा व्हायला लागल्या, तेव्हा लोक सुती वेसण मागत परत आले. आज आमच्याकडे दावं नायलॉनचं आणि वेसण सुताची. वेसणीचं सूत आम्ही हातानंच वळतो. यंत्राचा पीळ फार घट्ट बसतो, नाकातून फिरताना तो ओढतो.

मोठ्या घाट्या उरायला लागल्या त्या ट्रॅक्टरमुळे. हे एका वर्षात झालं नाही. दरवर्षी थोड्या जास्त उरत गेल्या. पूर्वी रात्री वाटेवर नुसत्या घाटीच्या आवाजावरून कुणाची गाडी आली ते कळायचं, म्हणून गिऱ्हाईक अर्धा तास वाजवून बघायचं आणि जोडीच्या दोन घाट्या वेगळ्या नादाच्या घ्यायचं. आता घाटी घेतात ती पुण्याची मंडळी, दाराला लावायला. एकच घेतात आणि वाजवून बघत नाहीत. पैसे पूर्ण देतात, तक्रार कशाची करायची?

मग बैलगाडा शर्यतींवरची बंदी. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि शर्यतवाल्यांसाठी बनवलेला सगळा साज पोटमाळ्यावर गेला. २०१६ ची यात्रा नोटबंदीत सापडली. बाजारात बैल होते, सौदे जुळत होते, हातात चालणारी नोट नव्हती. आम्ही ओळखीवर माल दिला आणि उधारी बेंदरापर्यंत वसूल केली. त्यातली थोडी बुडाली, ती बुडणारच होती. पुढं करोना आला. १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयानं शर्यतींना अटींवर परवानगी दिली, पोटमाळ्यावरची पोती खाली आली, तोवर २०२२ च्या सप्टेंबरात लम्पी या जनावरांच्या रोगामुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद. १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हा कुठं मोठी ऑर्डर घ्यायचा धीर आला.

यंदाच्या गोण्यांत काय उरलं? गोंडे संपले. कंडे संपले. झुलींचे नमुने तर शर्यतीचे गाडीमालक खुंटीवरून उतरवून घेऊन गेले. उरल्या त्या जुपण्या आणि जोती, म्हणजे औताच्या कामाचा माल. अर्थ सरळ आहे. बाजारात पैसा आहे तो छकड्याच्या, म्हणजे शर्यतीच्या गाडीच्या बैलाचा, नांगराच्या बैलाचा नाही. शर्यतीच्या बैलाचा मालक भाव करत नाही, फक्त बैलाचं नाव आणि गावाचं नाव झुलीवर ठळक भरून मागतो, खाली मोबाईल नंबर. औतवाला शेतकरी एक जुपणी घ्यायला तीन पालं फिरतो. आमच्या धंद्याला पहिला बरा, हे मी लपवत नाही. पण दहा औतवाल्यांच्या जागी एक गाडीमालक आला तर गल्ला तेवढाच राहतो आणि गिऱ्हाइकं नऊ कमी होतात. असा धंदा एका निकालावर बसतो आणि एका निकालावर उठतो, ते आम्ही सात वर्षं बघितलंय.

म्हणून भाचा म्हणाला जुपण्या बंद करू, तरी मी ऐकलं नाही. माण-खटावच्या कोरडवाहू तुकड्यांत अजून बैलांच्या पाभरीनं शाळू पेरतात. भाद्रपदात पाऊस पडून वापसा आला की पेरणीला चार दिवस मिळतात. त्यात जुपणी तुटली तर माणूस यात्रेची वाट बघत नाही, रात्री फोन करतो आणि सकाळी एसटीच्या ड्रायव्हरकडे माल मागतो. असा फोन यंदाही आला. त्या गोण्या पुढच्या वर्षीही भरलेल्या राहतील, व्याज गेलं तरी चालेल.

पाल आता खरसुंडीला. चैत्राच्या जत्रांसाठी नावाची झूल हवी असेल त्यांनी पौषातच सांगून ठेवावं, भरतकामाला वेळ लागतो आणि बायका शेतीची कामं सांभाळून ते करतात. कंड्यासाठी बैलाच्या मानेचं माप सुतळीनं घेऊन, गाठ मारून आणा. फोनवर "मोठा बैल आहे" एवढंच सांगणाऱ्यांची ऑर्डर आम्ही घेत नाही.