छर्ऱ्यांची निवड, नोंद ७: काटा सरकत होता, मी छर्ऱ्यांना दोष देत होतो

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की एअर रायफलचे छर्रे वजनावरून निवडले की ग्रूप (एकाच नेमावर पडलेल्या भोकांचा पुंजका) आवळतोच. ते आज मागे घेतो.

५०० च्या डब्यातले वॅडकटर (सपाट तोंडाचे छर्रे) हलके, मधले, जड अशा तीन ढिगांत लावले. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट, १० मीटर, प्रत्येक ढिगातून दहा-दहा फैरी. तिन्ही ग्रूप सारखेच पसरट! मधल्या ढिगाचा तर डब्यातून सरळ उचललेल्या छर्ऱ्यांपेक्षाही मोठा. दोन दिवस डोकं फिरलं होतं. क्लॅम्पचे स्क्रू तपासले, नळी पुसली, काही फरक नाही.

शेवटी हलक्या ढिगातले वीस छर्रे पुन्हा तोलले. निम्मे जड निघाले! मग एका छर्ऱ्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि दर दहा छर्ऱ्यांनंतर तोच काट्यावर ठेवत गेलो. ०.५३१, ०.५३२, ०.५३४... पाऊण तासात ०.५३७ ग्रॅम. म्हणजे माझा 'हलका' ढीग हा आधी तोललेल्यांचा होता आणि 'जड' ढीग शेवटी तोललेल्यांचा. सुरुवातीला एकदाच शून्य केलं होतं, पुढे चिमट्याने एक उचलून लगेच दुसरा ठेवत होतो. रिकामी ताटली काय दाखवते, हे पाहिलंच नव्हतं.

आता अर्धा तास आधी काटा चालू ठेवतो, पंखा बंद, झाकण लावलेलं, प्रत्येक छर्ऱ्याआधी शून्य. असं तोलल्यावर बहुतेक डबा ०.५३१ ते ०.५३५ मध्येच बसला. मग हिशेब मांडला. ऊर्जा तीच धरली तर ०.००४ ग्रॅमच्या फरकाने १७० मीटर प्रति सेकंद वेगात जेमतेम ०.६ चा फरक पडतो. १० मीटरपर्यंत छर्रा सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो, त्यात बदल फक्त ०.१३ मिलिमीटरचा. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा असल्याने हा फरक अगदीच क्षुल्लक नाही, पण माझ्या ग्रूपचा पसारा याने होत नव्हता.

म्हणून काचेकडे वळलो. सपाट काच किंचित उतरती ठेवायची, वरच्या पट्टीला टेकवून छर्रा आडवा सोडायचा. हेड (छर्ऱ्याचं पुढचं टोक) स्कर्टपेक्षा (मागच्या पसरट कडेपेक्षा) बारीक, त्यामुळे तो सरळ न जाता हेडच्या बाजूला वळत कमान काढतो. स्कर्ट ४.७०, हेड ४.५० आणि दोन्ही टेकण्याच्या जागांत ५ मिलिमीटर अंतर धरलं, तर कमानीची त्रिज्या ११७.५ मिलिमीटर येते. हेड ४.५१ केलं की जवळजवळ १२४! मायक्रोमीटरच्या दांड्यात शिसं दबतं म्हणून जो शतांश मला कधी पकडता आला नाही, तो इथे सहा मिलिमीटर होऊन डोळ्यांसमोर घरंगळतो. खालच्या कडेला पुठ्ठ्याचे सात खण केले. चार छर्रे गचके खात मध्येच थांबले. भिंगाखाली पाहिलं, तर चौघांच्याही स्कर्टच्या कडेला नखाएवढी चेप. हा डबा एका विक्रेत्याने फोमशिवाय पाठवला होता, आत छर्रे खुळखुळत होते. त्याच्याकडून पुन्हा घेणार नाही. डब्यावरचा हेडचा ४.५० चा आकडाही मी आता माप मानत नाही, फक्त लॉटची ओळख मानतो.

चौथ्या खणातले दहा छर्रे मारले: ग्रूप बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत ७.० मिलिमीटर. न निवडलेल्यांचा ८.१ होता. तीनदा मारून पाहिलं, ७.२ च्या वर गेला नाही. तो कागद टेबलावर समोरच ठेवलाय. एकच भोक, कडा जरा दातेरी.

पुढे खणातले छर्रे वजनावर लावायचे, असं लिहायला घेतलं होतं. पण लिहितानाच खटकलं: कमान ठरते ती हेड आणि स्कर्टच्या प्रमाणावर. दोन्ही मिळून थोडे मोठे असतील तर कमान जवळजवळ तीच! म्हणजे एका खणात दोन जाती लपलेल्या असू शकतात. तेव्हा वजन राहू दे. आधी प्रत्येक खणातले दहा-दहा छर्रे ठरावीक मापाच्या भोकांच्या गेजपट्टीतून हेडने घालून बघतो. नवा काटा घ्यायचा बेतही रद्द. त्याऐवजी काचेखाली तीन लेव्हलिंग स्क्रू बसवतो, कारण काच आडवी जराशी जरी कलली तरी सगळे छर्रे एक खण सरकतात, हे काल दोनदा झालं.