अवघड शिलाई आधीच झालेली असते

पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेला एखादा कपडा घरी कापून, शिवून अंगासरशी केला आणि तो घालून कुठे गेले, की ओळखीची माणसे हमखास दोन प्रश्न विचारतात. दुसऱ्याने वापरलेले कपडे घालायला काही वाटत नाही का, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मी थोडक्यात देते. हॉटेलातल्या चादरीवर आपल्याआधी कोण झोपले होते हे आपण विचारत नाही, ती धुतलेली आहे एवढे पुरते; सुती कपडाही कडकडीत पाण्यात भिजवून, धुऊन, उलटा करून उन्हात वाळवला की माझ्यापुरती शंका संपते. दुसरा प्रश्न अधिक वेळा येतो आणि तो मला अधिक रास्त वाटतो. शिवणाचा क्लास केलेला नाही, ब्लाउज बेतता येत नाही, घरी हाताने फिरवायचे साधे मशीन आहे, मग हे जमते तरी कसे?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की मी शिवते थोडे आणि निवडते फार. शर्टातले खरे कौशल्याचे काम म्हणजे कॉलर बसवणे, कफ लावणे, काजे करणे आणि मुंढ्याला बाही जोडणे. हे सगळे कोणा सराईत कारागिराने आधीच करून ठेवलेले असते आणि जुन्या बाजारात ते आपल्याला कापडाच्याही किमतीत मिळत नाही, त्याहून स्वस्त मिळते. त्या कामाला हात न लावता, फक्त सरळ टीप मारून जो दोष दूर होईल तेवढ्याच दोषाचा कपडा घ्यायचा, हा माझा नियम आहे. मोठा कपडा लहान करता येतो. लहान कपडा मोठा करायचा तर कापड कुठून आणणार?

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. लोखंडी हत्यारे, घड्याळे, नाणी यांच्या गर्दीत कपड्यांचे ढीगही असतात. घरोघरी फिरून भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणाऱ्या बोहारणींकडचे कपडे धुऊन, दुरुस्त करून, इस्त्री करून अशाच बाजारांत विकायला येतात. इस्त्रीला भुलायचे नाही. कपडा उचलला की मी तो आधी उजेडासमोर धरते, कारण विरलेली जागा हाताला कळण्याआधी उजेडात दिसते. मग काख, कोपर, कॉलरची घडी आणि पँट असेल तर आसनाची शिवण, एवढ्या जागा पाहते. काखेत पिवळा, कडक झालेला डाग असेल तर कपडा परत ठेवते, कारण तो डाग धुण्याने सहसा जात नाही आणि तिथले कापडही कमकुवत झालेले असते. बटण तुटलेले असले तर उलट बरे वाटते, भाव करायला जागा मिळते. शेवटी खांदा मापते. अंगावरच्या कपड्यावरूनच तो चढवून पाहायचा. खांद्याची शिवण आपल्या खांद्याच्या हाडावर किंवा बोटभर खाली येत असेल तर बाकीचा शर्ट कितीही ढगळ असला तरी चालतो, पण ती दंडावर उतरत असेल तर बाही उसवावी लागते, आणि तिथे माझी विद्या संपते.

कापडाबद्दल शंका असेल तर घरी आतल्या शिवणीतला एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. इस्त्री किती तापवायची हे त्यावरून ठरते. शिवाय दुमडलेली घडी सुती कापडावर लगेच बसते, पॉलिएस्टरवर बसता बसत नाही, म्हणून नवख्या माणसाने सुतीच घ्यावे.

पुरुषांचा मोठ्या मापाचा शर्ट हा या कामातला सगळ्यात गुणी कपडा आहे. (त्याची बटणे उजवीकडे आणि काजे डावीकडे असतात, बायकांच्या शर्टाच्या बरोबर उलट, हे अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही.) तयार शर्टाच्या बाहीची खालची शिवण आणि कुशीची शिवण बहुतेक वेळा एकाच ओघात मारलेली असते, कफपासून काखेतून थेट खालच्या घेरापर्यंत. त्यामुळे शर्ट उलटा करून अंगात घालायचा, दोन्ही कुशींना सारखी चिमटी धरायची, टाचण्या लावायच्या आणि जुन्या शिवणीच्या आतून नवी रेघ खडूने आखायची. हिशेब सोपा आहे, पण घाईत चुकतो: एका कुशीला एक इंचाची चिमटी घेतली की पुढचा एक आणि मागचा एक असे दोन इंच कमी होतात, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून घेर चार इंचांनी घटतो. त्याहून जास्त आवळायला गेले तर छातीवरचा खिसा काखेकडे सरकू लागतो आणि शर्ट कापल्याचे लांबून कळते. काखेत कमी आणि कमरेशी जास्त घ्यावे. काखेत जास्त घेतले तर हात वर केल्यावर सगळा शर्ट वर येतो. तिथे रेघ काटकोनात न वळवता गोलसर वळवावी.

आखलेल्या रेघेवर आधी हाताने लांब लांब कच्चे टाके घालते. मग शर्ट सुलटा घालून हात वर करते, पुढे वाकते, खुर्चीत बसते, आणि कुठेही ओढ वाटली नाही तरच मशीनवर टीप मारते. कात्री त्यानंतर. अर्धा इंच माया, म्हणजे टिपेबाहेरचे जादा कापड, ठेवून बाकीचे कापायचे, काखेच्या गोलाईत मायेला टिपेपर्यंत न पोहोचणाऱ्या लहान खाचा द्यायच्या म्हणजे तिथे चुण्या पडत नाहीत. माझ्या मशीनला झिगझॅग नाही, म्हणून कडांचे धागे सुटू नयेत यासाठी त्या कोपऱ्यावरच्या टेलरकडून ओव्हरलॉक करून, म्हणजे दोऱ्याने गुंफून, आणते; त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

कॉलर विरलेली असेल आणि बाकी शर्ट उत्तम असेल तर तो मी सोडत नाही, आणि हा एकच प्रसंग असा की जिथे मी अवघड भागाला हात लावते. कॉलर नेहमी मानेवरच्या घडीवर विरते, खालची बाजू कोरी राहिलेली असते. कॉलर आणि तिच्या खालची उभी पट्टी यांच्यामधली शिवण फक्त उसवायची, कॉलर बाहेर काढून पालथी करायची, पुन्हा त्याच फटीत सरकवून जुन्या भोकांवरूनच टीप मारायची. उसवण्याआधी कॉलरीचा आणि पट्टीचा मध्य वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने खुणावून ठेवावा, नाहीतर एक टोक लांब आणि एक आखूड येते. टोकांना बटणे लावायची कॉलर असेल तर हा उपाय चालत नाही, काजे पालथी पडतात. युद्धकाळात, १९४३ साली, सरकारने कापडावर नियंत्रण आणले होते. कापडाची टंचाई पाहिलेल्या त्या पिढीला कॉलर उलटवून घेण्यात नवल वाटत नसे, आता मात्र नव्या टेलरला ते आधी समजावून सांगावे लागते.

पँटींबद्दल एवढेच सांगते, की टेलरने शिवलेली जुनी पँट घ्यावी. तिच्या मागच्या मधल्या शिवणीत इंचभर माया मुद्दाम सोडलेली असते आणि कमरेची पट्टीही तिथेच जोडलेली असते, त्यामुळे एक शिवण उसवून कंबर सैल किंवा घट्ट करता येते. जीन्सला तिथे दुमडून दुहेरी टीप असते, वर बेल्टचा लूप. म्हणून तिची फक्त मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, दुमडावी आणि त्यासाठी मशीनला सोळा नंबरची सुई लावावी.

जुन्या साड्यांचा मोह मलाही होतो. इरकल किंवा सुती नऊवारी मिळाली तर आठ मीटरांच्या आसपास कापड हाती येते, पण ते सगळे सारखे टिकाऊ नसते. निऱ्यांच्या खालची बाजू घासून विरलेली असते. कमरेला खोचला जाणारा आतला भाग बहुधा सगळ्यात धड असतो, म्हणून कुर्त्याचे कापड तिथून काढावे आणि विरलेला भाग गोधडीला ठेवावा. रेशमी साडी घडीवर चिरत चालली असेल तर ती कितीही सुंदर असली तरी घेऊ नये, कारण सुईने टोचले की ती त्याच रेघेवर आणखी फाटते.

सुरुवात करायची असेल तर उभ्या रेघांचा, पूर्ण बाह्यांचा, खांद्यात बसणारा सुती शर्ट शोधा. कापडावरची रेघच टीप सरळ ठेवायला मदत करते, आणि बाह्या अर्ध्या केल्या तर जे कापड उरते त्यातून पुढच्या शर्टाच्या कोपराला ठिगळ मिळते.