उंदरांना कोकेन द्यायला सरकार पैसे का देतं? तुम्ही विचारलंत म्हणून

मी काय काम करते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे तुम्ही उंदरांना कोकेन देता? आणि वर सरकार त्याचे पैसे देतं?" मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत विचारतात, फॅमिली ग्रुपवर मामेभाऊ हसण्याच्या इमोजी टाकून विचारतो, आणि पुण्याची आत्या तर विचारतसुद्धा नाही, सरळ सांगते की एवढे पैसे वर आलेत तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला द्या म्हणावं. मी दरवेळी काहीतरी अर्धवट बोलते, तेवढ्यात ताट पुढे सरकतं आणि विषय सुटतो, तर आता एकदाच नीट लिहून काढते.

हो, देतो. आणि हो, सरकारच देतं. मी अमेरिकेत एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये आहे, आमचा जवळपास सगळा खर्च नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज या संस्थेकडून येतो, सगळे तिला नायडा म्हणतात. १९७४ साली निघाली, आता एनआयएचचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेचा, भाग आहे, वर्षाचं बजेट दीडशे कोटी डॉलरच्या वर. सगळं उंदरांवर जात नाही हो. औषधांच्या ट्रायल्स, शाळेतल्या मुलांचे सर्व्हे, आणि नऊ-दहा वर्षांच्या हजारो मुलांचे मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षं काढत राहणारा एक अवाढव्य अभ्यास, हे सगळं त्यातूनच चालतं.

आता लोकांना वाटतं कोणीतरी साहेब चेक फाडतो आणि आम्ही मजेत उंदीर टुन्न करत बसतो. प्रत्यक्षात अर्ज लिहिण्यातच वर्षाचे कितीतरी महिने जातात. आम्ही ज्याला आर-ओ-वन म्हणतो ती नेहमीची ग्रँट, साधारण वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंतची, चार-पाच वर्षांसाठी. अर्ज आमच्यासारखेच दुसरे शास्त्रज्ञ वाचतात, एक ते नऊ मार्क देतात (कमी मार्क म्हणजे चांगले, हे मी आईला कितीदा सांगितलं तरी ती "नऊ पडले तर बरंच की" म्हणते), आणि पाचातला जेमतेम एक पास होतो. मग ते पैसे जातात कुठे तर पगारात, मायक्रोस्कोपच्या मेंटेनन्समध्ये आणि पिंजऱ्यांच्या भाड्यात. उंदीर विकत घेणं स्वस्त, सांभाळणं महाग, प्रत्येक पिंजऱ्याचं रोजचं भाडं युनिव्हर्सिटी लावते आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा लावते. आणि गंमत म्हणजे ज्यावर सगळ्यांचा डोळा असतो ते कोकेन आम्हाला फुकट मिळतं, नायडाचीच एक सोय आहे संशोधकांना असे पदार्थ पुरवायची. फक्त त्याला सरकारी परवाना लागतो, ते कुलपात ठेवायचं आणि काढलेल्या प्रत्येक मिलिग्रॅमची वहीत नोंद करायची. तेव्हा उरलंसुरलं घरी नेता का हा जोक कृपया बंद करा, फार जुना झालाय.

तसा प्रश्न जुनाच आहे म्हणा. विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर १९७५ पासून दर महिन्याला एक 'गोल्डन फ्लीस' पुरस्कार जाहीर करायचे, सरकारी पैसा उधळल्याबद्दल. त्यात माकडं जबडा का आवळतात यावर काम करणारा एक शास्त्रज्ञ सापडला, तो बदनामीच्या केससाठी थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९७९ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पण केस जिंकून लोकांच्या मनातला प्रश्न जात नाही, आणि जाऊही नये. कराचा पैसा आहे, विचारायलाच हवं.

तर आम्ही नक्की काय करतो ते सांगते. उंदराच्या मानेतल्या शिरेत भूल देऊन एक बारीक नळी बसवतो, तिचं दुसरं टोक पाठीवर निघतं. तो बरा झाला की रोज काही तास एका पेटीत, जिथे एक लिव्हर असतो. दाबला की पंप गुरगुरतो, शिरेत थोडंसं कोकेन जातं, त्याच वेळी लिव्हरच्या वर एक दिवा लागतो आणि बारीक पीं वाजतं. कोणी जबरदस्ती करत नाही, तोच दाबतो. खोलीत लाल उजेड असतो कारण तो त्यांना फारसा दिसत नाही, त्यांच्या दृष्टीने रात्र असते आणि उंदीर रात्रीच कामाला लागतात. रोज त्या नळ्या हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या सलाइनने धुवायच्या, नाहीतर गुठळी होऊन बंद पडतात आणि त्या उंदराचा डेटा गेला. ही कामं रविवारी पण असतात, दिवाळीत पण.

आणि मग येतो तो भाग ज्यासाठी पैसे मिळतात. उंदराला भूल देऊन मारावं लागतं, हे लपवण्यात अर्थ नाही, मला अजूनही आवडत नाही. मेंदू लगेच बर्फासारख्या थंड द्रावणात टाकायचा, मग थरथरणाऱ्या पात्याच्या मशीनवर त्याचे पापडापेक्षा पातळ काप करायचे, मिलिमीटरच्या पाव भागाएवढे. त्यांना ऑक्सिजन मिळत राहिला तर त्या कापांतल्या पेशी आणखी काही तास जिवंत राहतात. मायक्रोस्कोपखाली एक पेशी निवडायची, काचेची सुई तिच्या इतकी जवळ न्यायची की पडद्यावर बारीकसा खळगा पडलेला दिसतो, आणि मग सुईला जोडलेल्या नळीतून तोंडाने हलकेच, अगदी हलकेच ओढायचं. पेशी सुईला चिकटली की स्क्रीनवरची रेघ एकदम सपाट होते आणि त्यानंतर त्या एका पेशीला शेजारच्या पेशींकडून येणारे सिग्नल आपल्याला मोजता येतात. बऱ्याचदा चिकटत नाही. किंवा चिकटते आणि बाजूच्या कॉरिडॉरमध्ये कोणीतरी दार आपटतं.

एवढा खटाटोप कशाला तर कोकेन शरीरातून काही तासांत निघून जातं पण माणूस महिन्यांनी पुन्हा घसरतो, म्हणजे काहीतरी मागे राहतं, आणि ते काय आहे हे जिवंत माणसाच्या मेंदूत सुई घालून बघता येत नाही. स्कॅनमध्ये कुठला भाग पेटला ते दिसतं, एका पेशीच्या सांध्यावर, म्हणजे दोन पेशी जिथे एकमेकींना सिग्नल देतात तिथे, काय बदललं ते नाही.

२००१ साली दोन पेपर आले, दोन्ही माझ्या कामाच्या मुळाशी आहेत. एकात उंदरांना कोकेनचा फक्त एक डोस दिला होता, एकच, आणि डोपामिन (मेंदूतल्या बक्षिसाच्या यंत्रणेतलं रसायन) बनवणाऱ्या पेशींवरचे सांधे मजबूत झालेले दिसले, पाच दिवसांनी तपासलं तरी होते, दहा दिवसांनी मात्र नव्हते. दुसऱ्यात उंदरांना आधी कोकेनची सवय लागू दिली, मग बंद केलं, आणि वेगवेगळ्या उंदरांना वेगवेगळ्या दिवसांनी परत त्या पेटीत ठेवून फक्त दिवा आणि पीं. कोकेन नाही. आपल्याला वाटेल दिवस जातील तशी ओढ कमी होईल. ती वाढत गेली, दोन महिन्यांपर्यंत वाढत गेली. व्यसन सोडलेल्या माणसांत सुरुवातीच्या आठवड्यांत तलफ अशी चढते हे गॉविन आणि क्लेबर या डॉक्टरांनी १९८६ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण पेशीत काय होतं ते कोणाला सांगता येत नव्हतं. २००८ मध्ये एका ग्रुपने दाखवलं की साधारण त्याच आठवड्यांत मेंदूतल्या न्यूक्लियस अकम्बन्स नावाच्या भागात पेशी वेगळ्या जातीचे रिसेप्टर (सिग्नल पकडणारे पेशीवरचे रेणू) लावून घेतात, ज्यातून कॅल्शियम आत जातं, आणि ते रिसेप्टर औषधाने अडवले की उंदीर दिवा बघून लिव्हरकडे तेवढा धावत नाही.

हे मी मंडळात सांगितलं तेव्हा एक काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले आमच्या शेजारचा मुलगा महिनाभर केंद्रात राहून आला, सगळे म्हणाले आता सुटला, पेढे वाटले, आणि दोन महिन्यांनी जुन्या कट्ट्यावर गेला नि परत सुरू. घरचे म्हणाले याच्यात दमच नाही. आता एका मुलाची गोष्ट उंदरांच्या आलेखावर ठेवता येत नाही हे मला कळतं, पण पहिला महिना धोक्याचा आणि नंतर उतार, हे जे आपण सगळे धरून चालतो ते उलटं असू शकतं हे आम्हाला उंदरांनी दाखवलं. आणि जुना कट्टा, जुना मित्र, सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, हे त्या दिव्यासारखंच काम करतं.

आत्याच्या मुद्द्यावर येते. मुक्तांगण १९८६ मध्ये निघालं तेव्हा पुण्या-मुंबईत गर्दने घरंच्या घरं उद्ध्वस्त केली होती, आणि बाहेर पडल्यावर माणसाला धरून ठेवणं, घरच्यांना सोबत घेणं हे त्यांनी ज्या पद्धतीने केलं त्याला तोड नाही. तिथे पैसे द्यायलाच हवेत, मीही देते. पण अमेरिकेच्या काँग्रेसने मंजूर केलेला संशोधनाचा पैसा आमच्याकडून काढला तर तो येरवड्याला जाणार नाही, तो दुसऱ्याच कुठल्यातरी खात्यात जाईल. आणि केंद्रात डॉक्टरांच्या हातात जी औषधं असतात ती कुठूनतरी यावी लागतात. अफूवर्गातल्या व्यसनासाठी बुप्रेनॉर्फिन देतात, आपल्या सरकारी केंद्रांतसुद्धा, ते आधी प्राण्यांवर तपासलं गेलं, मग माणसांवर, आणि नायडाने कंपनीबरोबर काम करून २००२ मध्ये अमेरिकेत त्याला या उपचारासाठी मान्यता मिळाली. १९७३ मध्ये अफूचा रिसेप्टर पहिल्यांदा दाखवला गेला, कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी, तोही उंदराच्या मेंदूचा लगदा करूनच.

आपल्याकडे हे होत नाही असं पण समजू नका. कार्ट नावाचं एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखाच पण छोटा रेणू, आहे, त्याचं पूर्ण नाव कोकेन अँड ॲम्फेटामिन रेग्युलेटेड ट्रान्सक्रिप्ट, १९९५ मध्ये उंदरांच्या मेंदूत अशा पदार्थांनंतर वाढलेलं सापडलं म्हणून ते नाव. त्यावर नागपूर विद्यापीठाच्या फार्मसी विभागात आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेमध्ये चांगलं काम झालंय, दारू आणि मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा यावर, आणि अमेरिकेतल्या एका ग्रँटच्या तुलनेत चिल्लर म्हणावी एवढ्या पैशांत.

आता जिथे विचारणाऱ्यांचं बरोबर आहे तेही सांगते. इतकी वर्षं, इतके उंदीर, आणि कोकेनच्या व्यसनावर अमेरिकेत मान्यता मिळालेलं औषध आजही एकही नाही. उंदरांत चाललेली कितीतरी औषधं माणसांत आपटली. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं जवळपास सगळे प्रयोग नरांवर, कारण काय तर माद्यांच्या हार्मोनमुळे डेटा हलतो. २०१६ पासून एनआयएचने नर-माद्या दोन्हींचा विचार करणं सक्तीचं केलं, ते चाळीस वर्षं आधी करायला काय हरकत होती. तिसरं, आपण उंदराला एकट्याला रिकाम्या पेटीत ठेवतो, करमणूक म्हणून एकच लिव्हर, मग तो तेच दाबणार ना. ब्रूस अलेक्झांडर यांनी सत्तरच्या दशकात कॅनडात उंदरांसाठी मोठं मोकळं अंगण बनवून दाखवलं होतं की सोबतीत राहणारे मॉर्फिन कमी पितात. तो प्रयोग नंतर इतरांना नेहमी तसाच जमला नाही, इंटरनेटवर सांगतात तेवढा तो सोपा नाही. पण २०१८ मध्ये नायडाच्याच बाल्टिमोरच्या लॅबने उंदरांना दोन लिव्हर दिले, एक ड्रगचा, एक दुसऱ्या उंदराच्या भेटीचा, आणि मेथॲम्फेटामिनची सवय लागलेल्या उंदरांनीसुद्धा भेट निवडली. माझ्या मते गेल्या काही वर्षांतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग आहे, आणि तो उंदरांशिवाय करता आला नसता.

कधीकधी फळ भलत्याच झाडाला लागतं ते वेगळंच. वजन कमी करायच्या इंजेक्शनांच्या जातीची औषधं उंदरांची दारू कमी करतात हे स्वीडनमधल्या एका ग्रुपने दहा-बारा वर्षांपूर्वीपासून दाखवलं, तेव्हा फार कोणी विचारलं नाही. २०२५ मध्ये माणसांवरचा एक छोटा अभ्यास आला आणि त्यातही दारूची तलफ कमी झालेली दिसली, आता मोठ्या ट्रायल्सची वाट बघायची.

सध्या हवा आमच्या बाजूची नाहीये. २०२५ च्या फेब्रुवारीत युनिव्हर्सिटींना मिळणारा वरखर्च एकदम १५ टक्क्यांवर आणायचा हुकूम निघाला, कोर्टाने अडवला. मग एप्रिलमध्ये एनआयएचने सांगितलं की प्राण्यांवरचे प्रयोग कमी करून माणसाच्या पेशींपासून वाढवलेल्या नमुन्यांवर भर देणार. जिथे प्राणी टाळता येतात तिथे टाळलेच पाहिजेत, मी त्या बाजूचीच आहे. विषारीपणाच्या बऱ्याच चाचण्या तशा होऊ शकतील. पण डिशमधल्या पेशींच्या गोळ्याला तलफ येत नाही, तो दोन महिने थांबून दिवा बघून उठत नाही, आणि आमचा सगळा प्रश्न तर तोच आहे. त्यामुळे अर्ज अजून उंदरांचाच लिहितोय, यावेळी निम्म्या माद्या आणि सोबतीला दुसरा उंदीर धरून, पिंजऱ्यांचं भाडं दुप्पट होणार हे माहीत असून. शेवटची तारीख ५ जुलै आहे.